तुळईवरचा आकडा

विनिपेग,
९ फेब्रुवारी १९८४

प्रिय दिनिस,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला ‘आम्ही इकडे देवकृपेने बरे आहोत, तूही बरा असशील’ असं लिहायची आपल्या बेटावरची रीत. बाबा तर आजी गेल्याचं कळवतानासुद्धा आधी तेच लिहायचे. पण तुला ते कसं लिहू? तुझ्या बायकोने, फिलोमेनाने, फोनवर सांगितलं की डावा डोळा वाचला नाही. अकरा वर्षांत तिच्याशी तेवढंच बोलणं झालं.

इकडे उणे एकतीस आहे. सकाळी गाडी काढली की थंडीने चाकं चौकोनी झालेली असतात, पहिला मैलभर बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं. तरी काम चालू आहे. एका युक्रेनी म्हातारीच्या सत्तर वर्षांच्या घराखाली नवा पाया घालतोय. म्हातारी तिखट आहे. रोज जिन्यावर उभी राहून विचारते, “तुम्ही पोर्तुगीज माणसं घर सावरता की पाडता?” मी म्हणतो, “बाई, आधी जेवायला द्या, मग सांगतो.” मग ती बटाट्याचे उकडलेले कानवले देते आणि वर शिव्याही देते. अजून कंबर साथ देते आहे. एकसष्ट म्हणजे काही फार नाही.

आता मुद्द्यावर येतो. एल्दर आपल्या बहिणीचा, नतालियाचा, एकुलता एक मुलगा आहे. तो मवाली नाही. त्याने जे केलं ते वाईटच केलं, मी पाठीशी घालत नाही. दोन दिवस बसमध्ये बसून टोरोंटोला यायचं, तुझ्या कामावर दबा धरून राहायचं आणि सख्ख्या मामाला लोखंडी सळईने झोडपायचं, हे माणसाचं लक्षण नव्हे. गुडघ्यावर मारलं तिथे थांबला असता तरी चाललं असतं. पण तो बारा वर्षांचा असताना त्याचा बाप लिओनेल गेला, दिनिस. कुणीतरी त्याचे कान भरले असणार. कोणी, ते मला ठाऊक नाही.

वीस मार्चला खटला उभा राहतो. वकील म्हणतो, सगळं तुझ्या साक्षीवर आहे. तू दोन शब्द मायेचे बोललास तर वर्षभरात सुटेल, नाहीतर आठ-दहा वर्षं जातील. नतालिया जेवत नाही. ती तुला कधी लिहिणार नाही हे तुला माहीत आहे, म्हणून मी लिहितो.

त्या तळघरात काय झालं, कुणाचं चुकलं, हे उगाळून आता काय मिळणार? लिओनेल काही परत येत नाही. मी तुला केव्हाच माफ केलं आहे. तूही या पोराला कर.

फिलोमेनाला आशीर्वाद.

तुझा दादा,
जर्मानो


विनिपेग,
४ मार्च १९८४

दिनिस,

तुझं पत्र पोहोचलं. तीनच ओळी. ‘दादा, त्या दिवसानंतर मी किती घरांखाली उतरलो आणि किती तुळयांवर खडूने आकडे लिहिले याची गणती नाही. प्रत्येक वेळी दोनदा, तीनदा तपासतो आणि तरी घरी जाऊन झोप लागत नाही. एकदाच सांग, त्या तुळईवर मी काय लिहिलं होतं?’

आठ दिवस ते पत्र कोटाच्या खिशात होतं. शेवटी जे करायचं ते केलं. आता जे लिहितो ते तू न्यायाधीशापुढे ठेव. त्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहितो, तुला पाठ असलेलंही. नतालिया समोर बसली आहे. प्रत्येक पान झालं की तिच्याकडे द्यायचं असं ठरलं आहे.

जानेवारी १९७३. घर रिकामं होतं, दोन महिने शेगडी पेटली नव्हती. दगडी भिंतीखालची माती आतून-बाहेरून गोठलेली. भिंतीखाली नवा पाया घालायचा तो एका दमात घालता येत नाही, टप्प्याटप्प्याने खणावं लागतं, आणि शेजारशेजारचे दोन खड्डे एका वेळी कधीही उघडायचे नाहीत, हे आपल्या धंद्यातलं पोरसुद्धा जाणतं. म्हणून वरच्या तुळईवर खडूने आकडे घालायचे, एक, दोन, तीन, पुन्हा एक, दोन, तीन. आधी सगळे एक खणून भरायचे, ते घट्ट झाले की दोन, मग तीन. आकडे घालायचं काम तुझं. तुझ्याइतकं काळजीपूर्वक आमच्यात कुणी नव्हतं, आणि त्याचा मला राग यायचा. हेही आज लिहून टाकतो.

अपघाताच्या आदल्या दिवशी आपण दोन्ही ‘एक’ खणले. पलीकडचा भरला. अलीकडचा भरायच्या आधी मिक्सरचं पाणी गोठलं, तो तसाच उघडा राहिला. भरलेलं काँक्रीट गोठू नये म्हणून मी गॅसचा मोठा हीटर लावला आणि तो सकाळपर्यंत चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी तू गॅसच्या टाक्या आणि काँक्रीटवर पसरायला पेंढा आणायला गेलास. मालकाला मी शब्द देऊन बसलो होतो आणि आठवडाभर मागे पडलो होतो. मी लिओनेलला म्हणालो, “दोन उघड.”

तो म्हणाला, “शेजारचा एक अजून रिकामा आहे. दिनिसला येऊ दे.”

“माती गोठलेली आहे रे. कुदळ मार, हाताला झिणझिण्या येतील. हिवाळ्यात देवच टेकू लावून ठेवतो.”

“तरी दिनिसला येऊ दे.”

“श्वास पण दिनिसला विचारून घेतोस का? की माझ्या बहिणीने तुला घाबरायची शिकवणी लावली आहे?”

तो हसला. तुला त्याचं हसणं माहीत आहे. म्हणाला, “मेहुणे, तुमच्यापुढे कोण बोलणार,” आणि खड्ड्यात उतरला.

माती गोठलेली होती हे खरं. पण रात्रभर हीटर जळत होता. काँक्रीट वाचवायला लावलेल्या आगीने भिंतीखालची माती ढिली केली होती, आणि मी, वीस वर्षं या थंडीत पाया घालणारा माणूस, ते विसरलो. विसरलो नाही. मनात आलं होतं, ते बाजूला सारलं. नतालिया म्हणते, खरं लिही.

आवाज फार झाला नाही. पोतं खाली ठेवावं तेवढाच. लिओनेल कंबरेपर्यंत दगडांखाली होता, एक मोठा दगड छातीवर. तेवढ्यात तू आलास, पाहिलंस आणि फोन करायला शेजारच्या घराकडे धावलास.

आता लिहितो ते मी पाद्र्यालाही कधी सांगितलं नाही.

तू धावलास आणि मी तुळईकडे गेलो. ओल्या बाहीने दोनचा आकडा पुसला आणि तिथे एक लिहिला, तू लिहितोस तसा, वर लहानशी शेंडी देऊन. शेजारशेजारी दोन एक. कुणीही बघावं आणि म्हणावं, आकडे घालणाराच चुकला. तो एक मला पहिल्यांदा नीट जमला नाही म्हणून मी तो पुसून पुन्हा काढला. लिओनेल जिवंत होता, दिनिस. तोंडात माती होती, बोलता येत नव्हतं. डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता. त्या वेळात मी निदान दोन दगड तरी उचलू शकलो असतो. छातीवरचा तर नक्कीच.

मग बंबवाले आले, तू त्यांच्या मागून आत आलास आणि तुळईकडे पाहिलंस. तुझा चेहरा मला दिसला. तू स्वतःवरच संशय घेत होतास. एक क्षण गेला असता तर तुला आठवलं असतं. तो क्षण मी जाऊ दिला नाही. फावडं हाताशी होतं, त्याच्या दांड्याने तुझ्या जबड्यावर मारलं. तू पडलास तरी मारलं. “माझ्या बहिणीचा संसार खाल्लास तू!” असं मी ओरडत होतो. चौघांनी मला ओढून बाजूला केलं. घरी हातमोजा काढला तर आत तुझ्या दाताचा तुकडा होता.

सगळ्यांना वाटलं, मी दुःखाने वेडा झालो. मी वेडा नव्हतो. पाठच्या भावाला जो एवढं मारतो तो खोटं बोलत नसेल, असं लोकांना वाटावं म्हणून मारत होतो. आणि तसंच झालं. चौकशीला आलेल्या साहेबाने मला एकही वाकडा प्रश्न विचारला नाही. तुझा जबडा सहा आठवडे तारेने बांधलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी तुला खरोखर दिला. तार सुटेपर्यंत नतालिया तुझ्या तोंडावर थुंकून मोकळी झाली होती आणि तुलाही पटलं होतं की तूच चुकलास.

एल्दरचे कान कोणी भरले ठाऊक नाही असं मी लिहिलं होतं. मी भरले. गेली अकरा वर्षं, दर सणाला. यंदा नववर्षाच्या जेवणावर दारू पिऊन म्हणालो, “तुझा दिनिस मामा नसता तर आज त्या खुर्चीवर तुझा बाप असता.” तो उठून गेला. पंधराव्या दिवशी त्याने सळई उचलली.

गेल्या रविवारी नतालियाकडे गेलो. ती स्वयंपाकघरात होती, सुकवलेला खारा मासा भिजत घालायच्या तयारीत. मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, “तो बघत होता?” मी हो म्हणालो. तिने तो मासा शेपटीला धरून उचलला, फळीसारखा कडक होता, आणि माझ्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. ओठ फाटला, नाकाचं हाड गेलं, जखमेत मीठ गेलं. मी हात वर केले नाहीत. मासा मोडला तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, “माझ्या टेबलावर अकरा वर्षं जेवलास तू.” मग खाली बसून हाताने जमिनीवरचे तुकडे गोळा करू लागली. मी वाकलो तर म्हणाली, “हात लावू नकोस.”

तुरुंगात फोन करून तिनेच एल्दरला सांगितलं. त्याने म्हणे फोन खाली ठेवला आणि तिथल्याच भिंतीवर डोकं आपटत राहिला, पहारेकऱ्यांनी धरेपर्यंत. सात टाके पडले. आता रोज एकच निरोप पाठवतो, मामाचा दुसरा डोळा तरी ठीक आहे का.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू दोन लिहिला होतास. बरोबर लिहिला होतास. आजवर लिहिलेले सगळे आकडे तू बरोबरच लिहिले असणार.

माझ्या मागच्या पत्रातलं मागणं मी परत घेतो. माफ कर म्हणायचा हक्क माझा नव्हता. तू कोर्टात काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मी वीस तारखेला तिथे असेन. विनिपेगच्या पोलिसांकडे काल लेखी जबाब दिला आहे, त्यांनी धरून ठेवलं नाही तर रेल्वेने येईन. नतालिया वेगळ्या डब्यातून येणार आहे. एल्दरने सळई उचलली ती माझ्यासाठी होती, पत्ता तेवढा चुकला. हे मी न्यायाधीशासमोर, तुझ्यासमोर आणि त्या पोरासमोर उभा राहून सांगेन. त्यानंतर तुम्हा दोघांपैकी कुणी माझ्यावर हात उचलला तर मी हात आडवा करणार नाही.

सहीच्या वर मी नेहमीसारखं ‘तुझा दादा’ लिहिलं होतं. नतालियाने वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि ते दोन शब्द असे खोडले की कागद फाटला. पान बदलू का विचारलं, तर म्हणाली, असंच जाऊ दे.

जर्मानो