चाळीस मिनिटांचा नळ

४ फेब्रुवारी

नळी काढली. बारा दिवस मांडीला बांधलेली पिशवी गेली एकदाची. कमरेतली चकती सरकली, नसा चेपल्या, लघवी बंद पडली, ऑपरेशन झालं — आता मूत्राशयाने आपणहून कामाला लागायचं, असं सर्जन म्हणतात. पोरसवदा आहेत. लघवीला 'आउटपुट' म्हणतात. पंचवीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहितोय. त्या आउटपुटची इतक्या आस्थेने कुणी चौकशी केली नाही.

दुपारी पाऊण तास संडासात बसलो. नळ सोडला. शीळ घातली. नर्सबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "घाई नाही हं, काका." काका! बाई माझ्याच वयाच्या असतील.

थेंब नाही.

५ फेब्रुवारी

भांड्यात चाळीस मिली. पोटावर थंडगार चिकट काहीतरी फासून यंत्राने पाहिलं — आत शिल्लक सहाशे दहा.

६ फेब्रुवारी

आजचा धडा: दिवसातून चार वेळा आपणच आपल्याला बारीक नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी फेकून द्यायची. नसा जाग्या होईपर्यंत. म्हणजे किती दिवस? "कुणाला सहा आठवडे, कुणाला सहा महिने, कुणाला..." पुढचं नर्सबाईंनी खोकल्यात घालवलं. शिल्लक शंभराच्या खाली टिकली की सुटका. आणि नाही घातली तर? तुंबलेली लघवी उलटी वर चढते, मूत्रपिंडं खराब होतात. हे सगळं बाई शिलाई मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते सांगावं अशा सुरात सांगतात.

समोर आरसा धरला. आरशात — शी! ओकारी आली. शेवटी त्यांनीच घातली. मी छतावरचे डाग मोजले. अकरा.

९ फेब्रुवारी

घरी आलो. घरात बाथरूम एक, आणि तिथे बाबांचं राज्य. वय एकोणऐंशी. काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र, आत गेले की चाळीस मिनिटं, नळ धो धो वाहता. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सहा वर्षांपूर्वी यावर मी लेख लिहिला होता. तुफान गाजला. लोक अजून त्यातली वाक्यं तोंडपाठ ऐकवतात. बाबांनी वाचला, चष्मा पुसला, घडी घालून ठेवून दिला. हल्ली लग्नाकार्याला येत नाहीत, आत्याकडे मुक्काम करत नाहीत. म्हातारा हट्टी होत चाललाय, असं आम्ही एकमेकांना सांगतो.

११ फेब्रुवारी

बायकोने बाथरूमच्या दारामागे तक्ता चिकटवलाय — वेळ, आपोआप किती, नळीतून किती. ती शाळेत विज्ञान शिकवते. मिलीलिटरची चूक तिला खपत नाही.

मी कडी लावतो. पाकीट फोडतो. नळीकडे बघतो. नळी माझ्याकडे बघते. मग ती केराच्या डब्यात, आणि मी तक्त्यापुढे. नळीतून ३१०. २८५. मध्येच एक ३३०, म्हणजे खरं वाटतं. सरळ उतरत गेलेल्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही — एवढी कला अंगात आहे.

बाकी, जोर लावला की थोडी होते. खोकलो की न विचारता होते. दिवसाला तीन पायजमे.

१४ फेब्रुवारी

आज तक्त्यावर १९०. बायकोने कौतुकाने गालाला हात लावला. किळस आली. नळीची नाही, माझी.

१७ फेब्रुवारी

ताप. हुडहुडी. डावी कूस ठणकतेय. तक्त्यावर १४० लिहिलं तरीही.

१८ फेब्रुवारी

यंत्राने सांगितलं: सातशे चाळीस. डावं मूत्रपिंड सुजलंय. नर्सबाईंनी मला रिकामा केला, मग बायकोने दारामागून काढून आणलेला तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाल्या, "छान लिहिलंय. तुम्ही लेखक ना?" बायको खिडकीबाहेर बघत होती.

सर्जनांनी दोन दिवस दिलेत. नाही जमलं तर परवा पुन्हा पिशवी, आणि या खेपेला कधी सुटेल ते सांगता येणार नाही म्हणाले.

परतताना गाडीत ती एवढंच बोलली — "मला विधवा करायचं तर कर. पण खोटे आकडे दाखवून नको."

१९ फेब्रुवारी

चार वेळा बसलो. चारही वेळा टोक लागलं की हात मागे. बायको म्हणाली, मी घालते. नको म्हटलं. निदान एका माणसासमोर तरी माणूस राहू दे. तिने दवाखान्यात नेऊन रिकामा करून आणला. उद्या पिशवी.

जेवताना बाबा माझ्याकडे बघत होते. मी खेकसलो — काय बघताय? ते उठून गेले.

२० फेब्रुवारी

सकाळी बाथरूमचं दार वाजलं. बाबा. काखेत वर्तमानपत्र. आत येऊन त्यांनी कडी लावली, घडी उलगडली. आत नळी होती. माझ्यापेक्षा एक नंबर जाड.

"डब्यातल्या तुझ्या नळ्या कोरड्या असायच्या," म्हणाले. "मला सात वर्षं झाली. तुम्हाला सांगणारच होतो. तेवढ्यात तुझा लेख आला."

मग हात धुतले, मला धुवायला लावले, आणि शेजारी उभे राहून दाखवलं. बघून मी माझी घातली, तक्त्यावर लिहिलं: नळीतून ४६०. खरे.

दोघांचं मिळून वीस मिनिटांत आटपलं. नळ सोडला नव्हता.