थिबोदोला कुणीतरी घ्या

१२ जानेवारी, शनिवार

आमची आइस हॉकीची टीम, एलेवेटर्स, पुन्हा हरली. २–५. थिबोदो डाव्या विंगवर फिरला. 'खेळला' असं लिहिणार होते, पण रोजनिशीत तरी खोटं लिहू नये. वर्षाला आठ मिलियन डॉलर घेणारा माणूस पक, ती रबरी चकती, आपल्याकडे येताना दिसला की बाजूला सरकतो. जणू पक त्याला पत्ता विचारायला येतोय.

बाहेर पडताना पाहुण्या टीमची पोरं ओरडत होती, "लिफ्ट तळमजल्याला आली हो, उतरून घ्या!" आमच्या टीमचं नाव बंदरावरच्या धान्याच्या कोठारांवरून पडलंय, त्यांनाही एलेवेटरच म्हणतात, लिफ्टशी त्याचा संबंध नाही, हे त्यातल्या एकाला थांबवून नीट समजावलं. त्याची टोपी वाऱ्याने उडाली तरी ऐकत होता. आमच्या गावात, थंडर बेमध्ये, अजून शिकण्याची इच्छा असलेली मुलं येतात.

गाडीत टाइना म्हणाली, "मार्गिट, तू जरा कमी बोललीस ना, तर गोल झालेला मला कळेल तरी." धाकट्या बहिणीला आता ऐकू कमी येऊ लागलंय. कानाच्या डॉक्टरची वेळ घ्यायला हवी. तिचा नवरा एइनो गेल्यापासून तिचं सगळं मलाच बघावं लागतं. सामन्यालाही मी येते ती तिच्यासाठी, तिला घरी एकटं वाटू नये म्हणून. टाइनानेच एइनोची खुर्ची मला देऊन मला घराबाहेर काढलं, असा आमच्या शेजारी बसणाऱ्या, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा, लॉर्नचा उलटाच समज आहे. दहावीच्या गणितातही तो चिन्हांची अशीच उलटापालट करायचा.

संकल्प: सामना चालू असताना थिबोदोबद्दल एक शब्द बोलणार नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

बोलले. पण विचारलं म्हणून. पहिली दहा मिनिटं मी गप्प होते तर लॉर्नच म्हणाला, "काय बाई, आज बरं नाही का?" सरळ प्रश्नाला उत्तर न देणं हा उद्धटपणा झाला. उत्तर दुसऱ्या सत्राच्या शेवटी संपलं.

आमची पूर्ण मोसमाची तिन्ही तिकिटं लॉर्न पेट्रिशिनच्या नावावर आहेत, त्याच्या वडिलांपासून चालत आलेली. माझ्या वर्गात दोनदा बसला. आता घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या बसवतो, दुरुस्त करतो, त्यामुळे इथल्या हिवाळ्यात त्याला मंत्र्यापेक्षा जास्त मान आहे. त्याचं म्हणणं, "विका म्हणायला सोपंय हो बाई, पण घेणार कोण? असल्या माणसाला कुणी फुकट नेत नाही. बदल्यात मिळेल ते मुकाट्याने घ्यायचं, वर आपल्या पदरचं काहीतरी द्यायचं, तेव्हा कुठे समोरचा हो म्हणतो."

हा भित्र्यांचा हिशेब आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "होय बाई." म्हणजे पटलं.

१९ जानेवारी, शनिवार

सामन्याआधी नेहमीप्रमाणे टाइनाकडे सौना, आमचं फिनिश लोकांचं वाफेचं स्नान. तिथे तरी विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. मी काढला नाही. मी फक्त म्हटलं की काही लोक घाम गाळायला रिंकवर जातात, काहींना त्यासाठी सौनाच लागते.

टाइना लगेच, "अगं, त्याचा खांदा दुखतोय. स्टिक उचलताना तोंड कसं करतो बघितलंस का?"

मी म्हटलं, चौतीस वर्षं शिकवलं, परीक्षेच्या दिवशी पोट दुखणारी शेकडो मुलं पाहिलीत.

"आणि त्यातल्या एकाचंही खरंच दुखत नव्हतं?" तिने विचारलं.

वाफ फार झाली होती. मी बाहेर आले.

सामना हरलो.

२७ जानेवारी, रविवार

सामन्यानंतर रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेतात. आज पुन्हा केला. निवेदक क्लाइव्हने पुष्कळ वेळ थांबवून ठेवलं. महत्त्वाचे फोन तो शेवटी घेतो. "आज परत आपल्या सालोबाई!" असं म्हणून त्याने मोठा श्वास सोडला. दमतो बिचारा.

थिबोदोला विकण्याची योजना तीन मुद्द्यांत मांडली. दुसऱ्या मुद्द्यावर लाइन तुटली. त्यांची यंत्रं जुनी झाली आहेत. गेल्या चारही वेळा दुसऱ्या मुद्द्यावरच तुटली.

त्यानंतर ओझी बर्गामोचा फोन लागला. हा फरशा बसवणारा माणूस, वरच्या मजल्यावर शेवटच्या रांगेत बसतो आणि राष्ट्रगीतापासून ओरडायला लागतो. म्हणाला, "त्या म्हाताऱ्या घोड्याला विका आणि त्या पैशात खराखुरा घोडा घ्या!" थिबोदो एकोणतीस वर्षांचा आहे. मत माझंच, पण त्याला कसले हे कपडे घातले! असल्या माणसाने आपल्या बाजूने बोलावं यासारखी नामुष्की नाही. त्याची लाइन मात्र शेवटपर्यंत तुटली नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

नुसतं बोलून लोकांना पटत नाही, डोळ्यांना दिसावं लागतं. थिबोदोच्या घसरणीचा आलेख काढला. मोठ्या कागदावर, लाल पेन्सिलने. सामन्याला घेऊन गेले.

तिसऱ्या सत्रात खेळ जरा थंड वाटला तेव्हा टाइनासमोर उलगडून धरला. नेमका तेव्हा थिबोदोने गोल केला. ख्रिसमसनंतरचा पहिला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. टाइनाला फक्त लाल रेघ दिसली.

आलेख शेवटी किंचित वर न्यावा लागेल. एका गोलाने कल बदलत नाही, हे मी तिला गाडीत समजावलं. ती घर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. विचार करत होती. दार मात्र जोरात लावलं, बिजागऱ्या थंडीने आखडल्या असतील.

संकल्प: पुढचा आलेख लहान कागदावर.

१६ फेब्रुवारी, शनिवार

मध्यंतरात टाइना आणि लॉर्न कॉफी आणायला गेले ते तिसरं सत्र निम्मं झाल्यावर परतले. रांग होती म्हणाले. कॉफी नव्हती. मधल्या वेळात थिबोदोच्या तीन चुका झाल्या, त्या मागच्या गृहस्थांना दाखवल्या. ते नंतर दुसरीकडे जाऊन बसले. तिथून डावी बाजू चांगली दिसत असावी.

दोघं वरच्या मजल्यावर कठड्यापाशी ओझी बर्गामोशी बोलताना दिसले होते. लॉर्न हातांनी भट्टीचा आकार दाखवत होता. ओझी मान हलवत होता, "नाही नाही" अशी. मग लॉर्नने आणखी मोठा आकार दाखवला. ओझीने हात पुढे केला. सामना चालू असतानासुद्धा कामं घेतो हा मुलगा. मेहनती आहे, हे मान्य करायला हवं.

३ मार्च, रविवार

उद्या शेवटचा दिवस. दुपारी तीननंतर लीगमध्ये कुणालाच विकता येत नाही. म्हणजे थिबोदो आज सामान बांधत असणार.

मॅनेजरना पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं. पुढच्या मोसमाचं छापील वेळापत्रक आणि जर्सीवर सवलतीचं कुपन. कुपनावर डाव्या विंगचं चित्र नाही, गोलकीपरचं आहे. सूचक वाटलं.

उद्या दोघांना टीव्ही बघायला घरी बोलावलं. एकत्र बसून निकाल ऐकण्यात मजा असते. लॉर्नला दिवसभर भट्टी आहे. टाइनाला दिवसभर दातांचा डॉक्टर. तिच्या तोंडात एवढे दात उरलेत याची मला कल्पना नव्हती. तरी पुल्ला, आमचा गोड पाव, भाजून ठेवते, वेलदोडा जास्त घालून. टाइनाला तसाच आवडतो. येतील.

४ मार्च, सोमवार

आले नाहीत.

सकाळपासून टीव्हीसमोर. ते सूट घातलेले चार तज्ज्ञ दिवसभर फोनकडे बघत बसतात, मीही त्यांच्याकडे बघत बसले. इतर टीमचे बावीस खेळाडू इकडचे तिकडे झाले. तीन वाजले. थिबोदो जागेवर.

मग मॅनेजरची मुलाखत. थिबोदोच्या करारात कलम आहे म्हणे: त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नाही. एका टीमने मागितलं होतं. याला विचारलं. हा नाही म्हणाला. का, तर त्याला हे गाव आवडतं.

गाव आवडतं! फेब्रुवारीत इथे श्वास सोडला तर मिशीवर जमतो, आणि या माणसाला गाव आवडतं!

सगळा हिवाळा आम्ही भांडलो, त्याला द्यावं की ठेवावं, दिला तर बदल्यात काय घ्यावं. तो जायला तयार आहे का, हे गावात एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लॉर्नने कलमाची चौकशी करायला हवी होती. रेडिओवाल्यांनी करायला हवी होती. मी एकटी कुठे कुठे लक्ष देणार?

पुल्ला तिघांचा होता. संपला.

६ मार्च, बुधवार

संध्याकाळी दोघं आले. माझी समजूत घालायला आले असणार म्हणून मी आधीच सांगून टाकलं की मला काही वाईट वगैरे वाटलेलं नाही.

लॉर्नने टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली. उत्तर येत नसलं की असाच उभा राहायचा. म्हणाला, "बाई, एक ट्रेड झालाय."

मी म्हटलं, मुदत सोमवारी संपली.

"लीगची संपली. आपली नाही."

मग टाइनाकडे बघत राहिला. टाइना टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होती.

थोडक्यात असं. येत्या शनिवारपासून मी वरच्या मजल्यावर ओझी बर्गामोच्या शेजारी. त्याची मेहुणी लूसिया खाली माझ्या खुर्चीवर. बहुमताने ठरलं, दोन विरुद्ध शून्य. तिसरं मत माझं असतं, पण त्याने निकाल बदलला नसता म्हणून विचारलं नाही. जागांचा प्रश्न बहुमताने सोडवावा हा नियम मीच घातला होता, मागे लॉर्नला कठड्याकडची खुर्ची हवी होती तेव्हा. संबंधित व्यक्तीची संमती लागेल, असं कलम घालायचं मला तेव्हा सुचलं नाही.

मी विचारलं, ओझी बर्गामो लगेच तयार झाला का. लॉर्न प्रामाणिक आहे. म्हणाला, "नाही ना बाई. लूसियाच्या बदल्यात नुसत्या तुम्ही, हे त्याला परवडेना. त्याची भट्टी फुकट बसवून द्यायचं ठरलं. नवी."

टाइना शेवटी बोलली. "सौना तशीच राहील मार्गिट. जेवण तसंच. रोजचा फोनही कर, दोनदा कर. फक्त सामना मला बघू दे गं. हरलो तरी बघू दे."

मी म्हटलं, तुला एकटीला नाही जमायचं.

"मला जमतं," ती म्हणाली. "मला कधीच अडचण नव्हती."

हे तिने फार हळू म्हटलं, त्यामुळे त्यावर काही बोलले नाही. मी व्यवहाराला संमती दिली, याची इथे नोंद करते. ती कुणी मागितली नव्हती.

लूसिया दोन आठवडे टिकणार नाही. मला परत बोलावतील तेव्हा लगेच हो म्हणणार नाही.

९ मार्च, शनिवार

वरचा मजला. शेवटची रांग. खेळाडू मुंग्यांएवढे.

ओझीने स्वागत केलं, "या सालोबाई! आपल्या दोघांचं काय जमणार बघा!" मग राष्ट्रगीत झालं आणि तो सुटला. थिबोदोची पहिली चूक दाखवायला मी तोंड उघडलं, तोवर त्याने तीच चूक गावाला ऐकवली. दुसरीचंही तेच. मी म्हटलं, बर्गामो, जरा बसून बोला, मला पुढचं दिसत नाही. तो म्हणाला, "अहो बाई, इथे बसून कुणी बघतं का?" दोन सत्रांत माझं एक वाक्य पूर्ण झालं नाही. माणसाने शेजाऱ्याचा थोडा तरी विचार करावा.

खाली टाइना दिसत होती, लाल टोपीमुळे. लॉर्न आणि लूसियाच्या मधे. गाणं लागलं तेव्हा तिघं डुलली. टाइना गाण्यावर डुलते हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या सत्रात थिबोदोने डावीकडून पक घेतला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं आणि वरच्या कोपऱ्यात मारला. ३–२. स्टिक खाली ठेवून खांदा धरून उभा राहिला. दुखत होता. एवढ्या वरूनही कळलं.

ओझीने मला उचललंच. "पोरगा सोनं आहे सोनं! मी म्हणत नव्हतो?"

खाली टाइना दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. मग ती वळली, वरच्या मजल्याकडे बघून काहीतरी शोधलं आणि हात हलवला. कुणाला करते आहे म्हणून मी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

मी हात वर केला. ओझीला वाटलं पॉपकॉर्न मागतेय. त्याने पिशवी पुढे केली.

घेतलं.