साप नव्हता

आई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही. मागच्या आठवड्यात मी एमआरआयच्या नळीत पडले होते. इकोत हृदयाची भिंत जाड दिसली होती. ती नेमकी कुठे, किती जाड आहे आणि आत व्रण आहेत का, हे बघायला डॉक्टरीणबाईंनी ही तपासणी सांगितली. आत जाण्याआधी अंगावरचं सोनं उतरवलं, तू दिलेली कानातली फुलंसुद्धा. मग नुसती ठकठक आणि कानात हुकूम: श्वास सोडा, धरून ठेवा.

त्याआधी बाईंनी विचारलं होतं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" मी पटकन म्हणाले, "न्हाई. एक भाऊ होता, त्याला साप चावला." पन्नाशीला आले, प्रश्न माझ्याच जिवाचा, आणि तोंडातून निघतं काय, तर तुझा साप!

मी लहान आहे, शहागडजवळच्या वस्तीवर आपण राहतोय. दादा सुटलेल्या वासरामागे पळतो आणि बांधावर कोसळतो. अंगावर साधा ओरखडा नाही. बघणाऱ्या आपण दोघीच. दिवसकार्य झाल्यावर काकूसमोर मी "पळता पळता पडला" म्हणाले, तेव्हा तू भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानंच कानफटात दिलीस आणि काकू गेल्यावर म्हणालीस, "सापच म्हणायचं. तुझा मामा बी असाच गेल्ता, बोललो का आम्ही कुठं? कळलं तर तुला कोण करून घेईल?" पुढच्या बाजाराला ही फुलं आणलीस. मी हरखून गेले, त्याचीही मला आज चीड येते.

रिपोर्ट आला. मधली भिंत जाड आहे आणि इंजेक्शन दिल्यावर तिच्यातले व्रण उठून दिसले. अशा व्रणांमुळे ठोके अचानक बिघडू शकतात, असं बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे मी दादाचं, मामाचं खरं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आधी सांगायचं ना! मुलीला जल्दी घेऊन या, तिलाही तपासावं लागेल."

तुला माहीत होतं, आई. तुझ्या भावाचं माहीत होतं आणि तरी तू लेकाला रानात पळू दिलंस, मला मूल होऊ दिलंस. तू घाबरली असशील, अडाणी असशील, मला त्याचं काही देणंघेणं नाही. माफ करणार नाही.

लेकीचं जाफराबादला जमलंय. परवा विहीणबाईंचा फोन आला, "दवाखान्यात कशाला गेल्त्या?" मी म्हणाले, "पाठ दुखून राह्यली, म्हणून फोटो काढला." लेक शेजारीच बसली होती. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिची तपासणी लग्नानंतर करायची ठरवली आहे. तुझी फुलं उजळायला दिली आहेत, तिच्यासाठी.

फक्त हळदीला नाचू नकोस, एवढं तिला बजावलंय. ती म्हणाली, "का बरं?" मी म्हणाले, "बरं दिसत न्हाई."