साडेदहाचं आभाळ

३ नोव्हेंबर, सोमवार

काय गं वही, परवा काय सांगितलं होतं मी? आठवत नाही ना! पान उलटल्याशिवाय तुला कालचं काही कळत नाही. तुझ्यापेक्षा आमची म्हैस बरी — तिला तीन वर्षांपूर्वीची काठीसुद्धा आठवते. तर पुन्हा ऐक. बोलते मी, लिहिते माझी नात निकिता. मला अक्षर येत नाही. ढग मात्र वाचता येतात.

शेजारचा सुनील ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि गच्चीवर जाळीची छत्री लावून बसला. परदेशी उपग्रहाचं चित्र थेट उतरवतो. अर्ध्या तासाला एक, गावाच्या ग्रुपवर. गुजरातच्या किनाऱ्याची खोबण दिसली की बोटभर खाली यायचं — तिथे आपल्या द्राक्षाच्या बागा. पांढरा डाग किती सरकला ते नखानं मोजायचं. एवढंच. दोन वर्षांत माझं एकदाच चुकलं. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमतात, "आजी, औषध मारायचं का आज?" माझा मुलगा खंडेराव कॉलेज शिकलेला. तोही मलाच विचारतो!

६ नोव्हेंबर

चित्र बंद. सुनीलला उपग्रहवाल्यांचं पत्र आलंय.

"मावशी, परवान्यात लिहिलंय, चित्र स्वतःपुरतं बघायचं. वाटायचं नाय."

"अरे, तू काय दारू वाटतोस?"

तो हसला नाही. घाबरलाय. मशीनच बंद करून टाकलं. वाटायचं तर म्हणे वेगळा परवाना, तो मोठ्या कंपन्यांना परवडणारा. आभाळ आमच्या डोक्यावर, फोटो त्यांच्या कपाटात!

७ नोव्हेंबर

निकितानं त्यांना अर्ज पाठवला — गावापुरतं तरी वाटू द्या. उत्तर आलं — अर्ज मिळाला. बस्स.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता ग्रुपवर नुसता अंदाज येतो. अक्षरांत. "तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम." आपण तुरळकात येतो की नाही, ते कोण सांगणार? निकिता वाचून दाखवते, मी मान हलवते. ओट्यावर कोणी थांबत नाही. जेवण जात नाही. द्राक्षं फुलोऱ्यात आहेत. आत्ता पाणी बसलं आणि आधी औषध मारलेलं नसलं तर घड कुजला, वर्ष गेलं. आणि मी भिंतीला टेकून बसलेय. दोन वर्षं वाचता येत होतं. पुन्हा अडाणी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चित्र आलं! खंडूनं मोबाईलवर कुठूनसं फुकटचं शोधलं. ओटा भरला. बांधापलीकडची कमळाबाई नवऱ्याला ओढत घेऊन आली, "आत्याबाई, बघा ना जरा." बघितलं. समुद्र मोकळा. पेठच्या डोंगरावर टाचणीएवढं पांढरं नाही. म्हटलं, "निवांत झोपा. औषध वाया घालवू नका." मग दोन भाकरी खाल्ल्या. खंडू समोर बसून माझ्याकडे बघत होता. काय बघतोस रे, आईला कधी जेवताना पाहिलं नाहीस?

१६ नोव्हेंबर

पहाटे पाऊस. दोन तास.

१९ नोव्हेंबर

घड हलवला की फुलं हातात येतात. उरलेलं काळं पडलंय. कमळाबाईच्या बागेतही तेच. ती मान फिरवून बांधावरून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुनील सांगून गेला — फुकटचं चित्र सहा तास शिळं असतं. खाली वेळ लिहिलेली असते. शनिवारी मी दुपारी साडेचारला बघितलं ते सकाळी साडेदहाचं आभाळ! खरं साडेचारचं चित्र निकितानं आज दाखवलं. समुद्राच्या काठाला तळहाताएवढं पांढरं. पोरसुद्धा ओळखेल.

वाचलं मी बरोबर. खालची ओळ तेवढी राहिली. जन्मभर खालच्या ओळी अशाच सोडून बघत आले.

निकिता म्हणते, "आजी, तुझी चूक नाही."

मग कोणाची? म्हशीची?

२२ नोव्हेंबर

सुनीलनं छत्री उतरवली. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतोय. अंडी वाटायला अजून तरी परवाना लागत नाही.

निकिताच्या अर्जाचं पुढे काही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मी बोलतेय आणि निकिताचं पेन थांबलेलं.

"आजी, पप्पांनी चित्राखालची ती वेळ वाचली होती."

"त्याच वेळी?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

"तू चारचौघांत सांगत होतीस. त्यांना वाटलं, सगळे गेले की सांगू. मग तू जेवायला बसलीस. इतक्या दिवसांनी."

लिही. हेही लिही.

खंडू सकाळपासून बागेत कुजके घड छाटतोय. एकटा. त्याला डबा पाठव. पिठलं कर, कांदा ठेव, ठेचा ठेव. भाकरी सकाळची नको. आत्ता थाप, आणि गरम असतानाच पाठव.