‘पाठमोरी’वरचा हात

सोम. ३ फेब्रु.
संग्रहालय बंद, म्हणून कामाचा दिवस. सरांची चित्रं दिल्लीच्या प्रदर्शनाला जायची आहेत. प्रत्येकाचा स्थिती-अहवाल (चित्र कुणाचं, कसं आहे) मी लिहायचा, खाली सही माझी. आज चार झाले. आमच्या प्रमुख देसाई मॅडम म्हणाल्या, "अगं, किती वेळा वाचतेस? बोर्डाची परीक्षा आहे काय?" माझ्यासाठी आहेच.
जवळून बघितल्यावर कळतं, सर किती कमी रंग लावायचे. नदीपलीकडचं शेत म्हणजे तीन फटकारे, मध्ये कोरा कॅनव्हास. चार पावलं मागं आलं की ऊस हलतो. अहवालात यातलं काही बसत नाही. लिहिलं : "कडा किंचित झिजलेल्या."

मंगळ. ४
आज ‘पाठमोरी’. सरांचं शेवटचं चित्र. भिंतीकडे तोंड करून बसलेली बाई, मानेवर उन्हाची पट्टी. चित्र बघायला मी यावरच शिकले. शाळेच्या आधी घरी वडीलच शिकवायचे, आप्पा; पाटीवर अक्षरांआधी रेघा. मग दर रविवारी इथं. "मान बघ," एवढंच म्हणायचे आणि स्वतः लांब दाराशी उभे राहायचे.
टॉर्च तिरका धरला. सरांचे फटकारे सगळीकडे उजवीकडून खाली डावीकडे येतात. भिंतीवरही तसेच, भिंतीच्या कोपऱ्यात सही. पण मान आणि पाठ उलटी. डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली.
सर उजव्या हाताचे होते.
आप्पा सरांकडे बारा वर्षं शिकले. आप्पांचं जेवण सोडून सगळं डाव्या हातानं. गडहिंग्लजच्या शाळेत पोरं ‘डावरे मास्तर’ म्हणायची.
अहवाल अर्धा ठेवला.

गुरु. ६
दोन दिवस विचारलं नाही. आज आप्पांच्या डोळ्यांत थेंब घालताना विचारलं. (काचबिंदू. डावा गेलाच, उजव्यानं मधलं तेवढं दिसतं.) त्यांचे डोळे मिटलेले असताना विचारलं, हा भित्रेपणा.
"हात फिरवला," म्हणाले.
हात फिरवायचा, म्हणजे चित्र सुधारून द्यायचं, ते गुरूनं, शिष्याचं. ‘सरांनी माझ्या चित्रावर हात फिरवला होता’ असं सांगणारे पेठेत अजून आहेत, मिशीला पीळ देऊन सांगतात. उलटं कधी ऐकलं नव्हतं.
"किती फिरवला?"
"भिंत झाली, सही केली अन् ब्रश पडला बघ सरांच्या हातातनं. मग खाटेवरनं सांगायचे, मी लावायचो. फुडं बोलणंबी बंद झालं."
"मग सांगत कोण होतं?"
"थेंब गालावर आलाय, पूस की."

शनि. ८
आईला कळलं. "पस्तीस वर्षं गप बसला माणूस. आता तू दवंडी पीट."
लिहिलं तर चित्र तळघरात जाईल आणि आप्पांना लोक सरांच्या सहीवर जगलेला म्हणतील. नाही लिहिलं तर खोट्याखाली माझी सही.
आणखी एक, लिहायला लाज वाटते. ती मान आप्पांची निघाली याचा मला आनंद झाला नाही. काल सरांच्या शेतापुढे उभी राहिले. फक्त फटकारे कुठून कुठं गेलेत तेच दिसत राहिलं. ऊस हलला नाही.

सोम. १०
मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "टॉर्चच्या उजेडावर एवढं मोठं लिहिता येत नाही गं. त्यांना घेऊन ये. ते स्वतः म्हणाले तर लिहू."
आप्पा लगेच "येतो" म्हणाले. आईला इस्त्रीचा शर्ट काढायला सांगितला. मला वाटतं, त्यांना सांगायचंच आहे.

बुध. १२
रिक्षानं नेलं. पायऱ्यांवर माझा दंड घट्ट धरला. ‘पाठमोरी’च्या इतक्या जवळ आप्पांना मी कधी पाहिलं नव्हतं. नाक टेकेल इतके. एका डोळ्यानं पाठीवरून वर वर गेले, मानेशी थांबले.
मॅडमनी विचारलं.
"माझं काय न्हाय यात," आप्पा म्हणाले. "सगळं सरांचं हाय. पोरगी लई बारीक बघती, तेवढंच."
मी म्हटलं, "आप्पा."
"व्हय की. सांगितलं न्हवं?"
निघताना मॅडमनी अभिप्रायाची वही पुढं केली. आप्पांनी पेन उजव्या हातात घेतलं. नावाची अक्षरं पहिलीतल्या पोराची वाटावीत अशी, ओळ सोडून घसरत खाली गेलेली. मॅडम वहीकडे बघत राहिल्या. "डोळ्यांमुळं होतं तसं," म्हणाल्या. मग मला, हळू : "शुक्रवारी दिल्लीची पेटी बंद होणार. सही तुझी आहे."
रिक्षात आप्पा उजव्या हाताची बोटं चोळत होते. दुखतायत का, विचारलं.
"सवय न्हाय," म्हणाले.
अहवाल पिशवीत आहे. सही अजून केलेली नाही.