कसा वाटला

खालापूर, रविवार

प्रिय इक्रा,

तुझा निरोप येऊन आज नऊ दिवस झाले. मोबाईलवर तो उघडते, वाचते आणि ठेवून देते. मी वाचल्याच्या खुणा तुला तिकडे दिसत असतील आणि अम्मी वाचूनही गप्प का, असं वाटत असेल. फोन करायला तीनदा बसले. पण जे सांगायचं आहे ते सांगताना मी मध्येच रडेन आणि तू “जाऊ द्या अम्मी” म्हणून मला सोडवशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच एवढं लांब लिहायला घेतलं आहे. अक्षर सांभाळून घे.

आधी त्या दिवसाचं लिहिते, कारण तो दिवस माझ्या डोक्यात अजून नीट बसलेला नाही. त्याच्या आधी फोनवर तुझा आवाज तीन वर्षांनी ऐकला. खुला तलाक मागून तू माझ्या झुहेबपासून मोकळी झालीस, त्यानंतर आपण बोललोच नव्हतो. तू म्हणालीस की बीकेसीला माझ्या ऑफिसखाली एक कॉफीचं दुकान आहे, तिथे तुम्हाला न्यायचं आहे. कॉफी प्यायला खालापूरहून मुंबईला कोण कुणाला बोलावतं? फोन ठेवला. हिला कुठून तरी कळलं, एवढंच मनात आलं. काय कळलं ते पुढे लिहिते. आत्ताच लिहायला घेतलं तर बाकीचं राहून जाईल.

शेजारच्या छायाचा मुलगा, नवीन, एका कंपनीच्या साहेबांना रोज बीकेसीला सोडतो, त्याच्याच गाडीतून आले. घरी यांना, तुझ्या अब्बांना, सांगितलं डोळे तपासायला पनवेलला जाते. वाटभर मी उत्तरं जुळवत होते. तू असं विचारलंस तर असं सांगेन, तसं विचारलंस तर तसं. नवीन आरशातून बघून म्हणाला, “काकी, तब्येत बरी नाय का? थांबवू का गाडी?” मी म्हटलं, बरी आहे. त्या काचेच्या इमारतींपाशी त्याने मला उतरवलं, तेव्हा मी बुरख्याखाली वालाच्या शेंगांची पिशवी धरून उभी होते आणि समोरून सगळी माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून भराभरा चालत होती. त्यांच्यात तू दिसलीस. बारीक झाली आहेस, पण चालणं तेच. तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि शेंगांचा वास घेतलास. तेव्हाच मी गोंधळले. जाब विचारणारी बाई शेंगांचा वास घेत नाही.

दुकानात शिरल्यावर तर मला काही कळेना. भिंतीवर कॉफीची नावं आणि प्रत्येकीखाली चव लिहिलेली, एकीखाली संत्र्याची साल, एकीखाली मनुका. मी तुला विचारलं की कॉफीची चव कुठे लिहिली आहे, तर तू हसलीस. त्या हसण्याने मला आणखी भीती वाटली. तू मला आत बाकावर न नेता थेट ओट्यापाशी उंच खुर्चीवर बसवलंस, जिथे तो दाढीवाला मुलगा काम करत होता. काट्यावर दाणे तोलले, दळले, काचेच्या नरसाळ्यात कागद घालून आधी नुसता कागदच धुतला. मग घड्याळ लावून गोल गोल पाणी सोडत राहिला. इतकं सावकाश की मला वाटलं हा औषध बनवतो आहे. मी त्याच्याकडे बघत होते आणि तुझ्या प्रश्नाची वाट बघत होते. तू काही विचारत नव्हतीस. तू माझ्या तोंडाकडे बघायचीस, मग त्याच्याकडे.

कॉफी आंबट लागली. तुला माहीत आहे, मला मनातलं चेहऱ्यावर लपवता येत नाही. निदान खाण्यापिण्याचं तरी. मी त्याला म्हटलं, बाबा, साखर दे, दूध दे, आमच्याकडे तर कॉफीत जायफळ किसतात. दुसरा असता तर रागावला असता. त्याने लगेच दूध तापवलं, साखर आणली आणि जायफळ नाही म्हणून माफी मागितली. वर विचारलं की कपाला किती किसता, आणि दुधाबरोबर उकळता की वरून घालता. मग गाव कुठलं ते विचारलं, स्वतःचं म्हसळा सांगितलं. मला वाटलं, दुकानदार गोडबोल्या दिसतो. मोकळी झाले आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून बोलून गेले, “ही माझी सून.”

तू मान खाली घातलीस. तो कप पुसत होता, त्याचा हात थांबला. मग हळूच म्हणाला, “माहीत आहे.”

याला कसं माहीत, याचा विचार करावा एवढीही अक्कल मला तेव्हा राहिली नव्हती. तीन वर्षांनी ते तोंडून कसं निघालं, याचीच मला लाज वाटत होती. मी काही मुद्दाम बोलले नाही गं. तुझी ओळख मला दुसरी करून देता येत नाही.

नवीनची गाडी आली. दार लावताना तू वाकून विचारलंस, “अम्मी, कसा वाटला?” मी म्हटलं, “आंबट आहे, पण सवयीने आवडेल.” तू एकदम इतकी हसलीस की डोळ्यांत पाणी आलं. मी बुचकळ्यात पडले. मनात आलं, मुंबईत राहून या पोरीचं मराठी बिघडलं. कॉफीला कशी म्हणायचं तर कसा म्हणते. गाडी निघाली, पनवेल मागे पडलं आणि खालापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत सरकत असताना मला लख्ख कळलं. तू कॉफीबद्दल विचारलंच नव्हतंस. मी मोठ्याने “या अल्लाह” म्हणाले, तर नवीनने घाबरून ब्रेक दाबला.

दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आलाच. त्याचं नाव ओवेस. दहा तारखेला असरच्या नमाजानंतर पनवेलला निकाह. “त्याला दाखवायलाच बोलावलं होतं, पण तुमच्यासमोर तोंड उघडेना. आई-वडील नाहीत, मामू बोलत नाहीत. माझ्या बाजूने तुम्ही बसाल का?” मी निरोप वाचला आणि खूश झाले, खरंच झाले. लगेच कपाट उघडून कुठली साडी नेसायची ते बघत होते. मग तिथेच खाली बसले. तुझ्या बाजूने मी एकदा बसायला हवं होतं, तेव्हा बसले नव्हते.

आता ते लिहिते. आपल्या घरात तुझ्या तलाकासाठी जमातीची बैठक बसली त्याच्या दोन महिने आधी झुहेबचा दोहाहून मला फोन आला होता. त्याने तिथे दुसरं लग्न केलं होतं. अब्बांनाही सांगू नकोस, सांगितलंस तर पुन्हा फोन करणार नाही, असं म्हणाला. तू इथे माझ्याबरोबर भाकऱ्या थापत त्याच्या व्हिसाची वाट बघत होतीस आणि मला माहीत होतं. बैठकीत सगळे म्हणाले की इक्राने नोकरीच्या नादात घर मोडलं. मग मौलवीसाहेबांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या मला विचारलं, “मुलाच्या बाजूने काही कमी होतं का?” मी म्हटलं, “नाही.” तू माझ्याकडे बघितलंस. त्याच संध्याकाळी तुझ्या मामूंनी तुला सांगितलं, “माझ्या दारात येऊ नकोस.” मुलगा तुटेल म्हणून मी ते बोलले. तू तुटलीस ते मला नंतर दिसलं. मी वाईट बाई आहे की घाबरट, ते मला अजून ठरवता येत नाही.

शुक्रवारी तुझ्या अब्बांना सगळं सांगितलं. ते उठून आपल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि कुलूप लावायची वेळ टळली तरी आले नाहीत. काल मी कर्जतला तुझ्या मामूंकडे गेले आणि अंगणात उभी राहूनच सांगितलं की इक्राची काही चूक नव्हती, मी त्या दिवशी खोटं बोलले. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी निघाले तेव्हा मागून त्यांनी विचारलं, “निकाह कधी आहे?” मी दहा तारीख सांगितली. ते येतील की नाही, माहीत नाही. त्यांना सगळं सांगून आले आणि तुला न सांगता तुझ्या आईच्या जागी बसले असते, तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून हे पत्र. आता तू ठरव. ये म्हणालीस तर दहा तारखेला दुपारीच पनवेलला पोहोचेन. नको म्हणालीस तर इथे घरीच नमाजानंतर तुम्हा दोघांसाठी दुआ मागेन, आणि तुझं चुकलं असं कुणालाही म्हणू देणार नाही.

तुझीच,
हवाबी