फाटकासमोरच्या घराबाबत माझी अट

मी, खाली सही करणारी, इथल्या सार्वजनिक रुग्णालयाच्या संस्थापक डॉक्टरांची पत्नी, आता विधवा, लिहून ठेवते की ही माझी शेवटची इच्छा असून ती मी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता व्यक्त केली आहे. शुद्धीत असल्याचा दाखला सर्जनबाईंनी दिला आहे. सोमवारी त्याच माझं पोट उघडणार आहेत. पोटात काय आहे ते त्यांना तेव्हा कळेल, डोक्यात काय आहे ते इथे लिहिलं आहे. दडपणाचं म्हणाल, तर माझे धाकटे दीर, म्हणजे रुग्णालयाचे सध्याचे अध्यक्ष, पंधरवडाभर रोज फळं घेऊन येत आहेत. माझ्या लग्नापासून आजवर त्यांनी मला एक लिंबूसुद्धा आणून दिलं नव्हतं. फळं मी खाल्ली. त्याचा या लिखाणावर काही परिणाम झालेला नाही.

१. माझ्या नावावर मोठी अशी एकच वस्तू आहे: रुग्णालयाच्या फाटकासमोरचं राहतं घर, पुढच्या व्हरांड्यासह. रुग्णालयाच्या छापील इतिहासात लिहिलं आहे की संस्थेचा आरंभ 'एका छोट्याशा खोलीत' झाला. ती छोटीशी खोली म्हणजे माझं स्वयंपाकघर. डॉक्टरांनी मला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. माझ्या जेवणाच्या टेबलावर इथली निम्मी पिढी जन्माला आली आणि आम्ही नवराबायको खाली बसून जेवलो. पुढे समोरची जागा मिळाली. वीटभट्टीवाल्याने विटा दिल्या, सुताराने खाटा करून दिल्या, शाळेतल्या मुलींनी पडदे शिवले. मग प्रसूती विभाग आला, एक्स-रे आला, रक्तपेढी आली, डायलिसिस आलं. दर उद्घाटनाला फीत कापायची कात्री माझ्या घरातून गेली आणि एकही परत आली नाही. ज्या मान्यवरांकडे त्या असतील, त्यांना त्या मी या कलमान्वये बक्षीस देते.

आम्हाला मूलबाळ नाही. 'रुग्णालय हेच आमचं अपत्य' असं डॉक्टर भाषणात म्हणायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या अपत्याने मला कधी पाणी विचारलं नाही. पण परक्यांची देखभाल फार चांगली केली आणि दारात आलेल्या गरिबाला कधी हाकललं नाही, हेही खरं आहे.

२. किरकोळ वस्तू. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप रुग्णालयाला काचेच्या कपाटात ठेवायला हवा आहे. न्यावा. त्यांचा खरा ते कुठेतरी विसरून आले होते, हा रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरांनी कधीतरी हौसेने घेतलेला आणि आमच्याकडेच राहिलेला आहे. नमस्कार करणाऱ्यांना काही फरक पडणार नाही. बँकेतली शिल्लक माझ्या भाच्याला द्यावी. तो लाउडस्पीकर भाड्याने देतो. त्याचा उल्लेख पुन्हा येईल.

३. फाटकावर पाटी आहे: 'रुग्णाजवळ एकच नातेवाईक. संध्याकाळी सातनंतर कोणीही थांबू नये.' नियम डॉक्टरांचा. शिस्त, स्वच्छता, जंतू, सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. जंतू सात वाजता कामावर येतात हे मला तेव्हा कळलं. बाहेर काढलेली माणसं कुठे जाणार? माझ्या व्हरांड्यात. आतल्यांची सेवा केली म्हणून रुग्णालयाला ढाली मिळाल्या. बाहेरच्यांना गरम पाणी, चादरी आणि चहा मी पुरवला, मला मिळाले कुंपणावर वाळत घातलेले टॉवेल. वॉर्डाच्या खिडक्या व्हरांड्यातून दिसतात. माणसं तिकडे बघत बसून राहतात. 'मावशी, ती तिसरी खिडकी ना? दिवा चालू आहे म्हणजे बरंच असेल ना?' असं विचारतात. मी हो म्हणते. मला काय कळतंय?

४. डॉक्टर स्वतः आजारी पडले तेव्हा खास खोली नाकारून पुरुषांच्या वॉर्डात राहिले. वर्तमानपत्रात फोटो चांगला आला. सात वाजले. पहारेकरी दारापर्यंत आला आणि मला बघून मागे फिरला, बिचाऱ्याची जीभ रेटेना. तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "अगं, नियम म्हणजे नियम. लोक काय म्हणतील? जा तू, सकाळी ये." मी गेले. सकाळी माणूस मला बोलवायला आला तो डॉक्टर गेल्याचं सांगायला. शेवटी त्यांनी पाणी मागितलं का, कोणाला हाक मारली का, हे मला आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही. शोकसभेत त्यांच्या शिस्तीचं फार कौतुक झालं. मी त्यांना माफ केलेलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. ही दोन वाक्यं एकाच कलमात नकोत असं वकिलांचं मत पडलं, ते मी ऐकून घेतलं.

५. सबब घर, व्हरांडा आणि मागचं आवार मी रुग्णालयाला देते. भाऊजींना तिथे नवा स्कॅन विभाग आणि गाड्या लावायला जागा करायची आहे. करावी. अट एकच. फाटकावरची पाटी उतरवावी आणि कोणत्याही वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाजवळ त्याचं एक माणूस रात्रीही थांबू द्यावं. पाटी उतरली नाही, तर घर भाच्याला जाईल. मागच्या आवारात रोज लाउडस्पीकर तपासून बघायची त्याची तयारी आहे. 'शांतता राखा' ही पाटी मग रुग्णालयाने खुशाल ठेवावी.

मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं, असं वकील म्हणाले. माझं काम सोमवारचं आहे. म्हणून काल भाऊजींना एक प्रत पाठवली. ते तासाभरात आले, फळांशिवाय.

"वहिनी, तुम्ही घरच्या. तुम्हाला कसला नियम? तुमच्याजवळ कोणालाही बसवा, हवं तितका वेळ. पाटीचं तेवढं राहू द्या, समितीत विषय काढला की वर्ष जाईल."

मी म्हटलं, "भाऊजी, डॉक्टरांनी बायकोला दिली नाही ती सवलत मी दिराकडून कशी घेऊ?"

खोटं कशाला बोलू, घ्यावीशी वाटली. मला भीती वाटते. मला त्या खाटेवर एकटीने पडायचं नाही. पण मी घेतली, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईचं माणूस माझ्याच व्हरांड्यात येऊन बसणार. तिच्याकडे मी कोणत्या तोंडाने बघू? सवलत नाकारली आहे. पाटी उतरवायला सोमवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली आहे.

६. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, महिनाभरासाठी म्हणून आल्या आणि इथेच राहिल्या. चहात साखर किती आणि खिडकी उघडी की बंद यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. घर कोणालाही जावो, वरची खोली हयातभर त्यांची राहील, असं इथे लिहिलं होतं. ते वाक्य खोडलं आहे. कारण असं.

सहीच्या वेळी दुसरे साक्षीदार, रुग्णालयाच्या आवारातले औषध दुकानदार, मजकुरात अध्यक्षांचा उल्लेख बघून 'दुकान उघडंच टाकून आलोय' म्हणत उठून गेले. वन्संनी पेन उचललं.

वकील म्हणाले, "बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत तर खोलीवर पाणी सोडावं लागेल."

"सोडलं."

"मग राहाल कुठे?"

"ही परत आली तर इथेच. नाही आली, तर इथे भांडू कोणाशी?" वन्सं म्हणाल्या. "आणि सोमवारी मी हिच्याजवळ बसणार आहे."

"सात वाजता उठवतील."

"उठवू देत. मला ऐकू येत नाही म्हणून सांगा त्यांना."

वन्संना शेजारच्या घरातलं कुजबुजणं ऐकू येतं. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि वकिलांनी त्याचंही कलम केलं असतं.

वरील मजकूर मी वाचला, पटला, आणि खालील दोघींसमोर सही केली.

ठिकाण: फाटकासमोरच्या घराचा व्हरांडा
तारीख: भरती होण्याआधीचा शनिवार

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिली: सर्जनबाई. (सही)
पत्ता: रुग्णालय, ऑपरेशन विभाग.

साक्षीदार दुसरी: थोरली नणंद. (सही)
पत्ता: स्त्रियांचा वॉर्ड, माझ्या खाटेशेजारचं स्टूल.